काळजी करणे, काळजी घेणे

मला ताप आला की माणसे नकोशी होतात. खोलीतला दिवा बंद असावा, दार लोटलेले असावे, हाताशी पाणी असावे आणि ‘आता कसे वाटते?’ हे विचारायला कोणी येऊ नये, एवढीच माझी अपेक्षा असते. त्यामुळे लग्नानंतर पहिल्यांदा नवरा तापाने आडवा झाला, तेव्हा मी माझ्या परीने त्याची उत्तम बडदास्त ठेवली. पडदे ओढले, त्याचा फोन दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला, औषधांच्या वेळा मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून तो कागद उशाजवळ ठेवला आणि दार अलगद ओढून घेतले. दोन दिवस मी घरात चवड्यांवर चालत होते. दर दोन तासांनी त्या दाराला कान लावत असे आणि आतून काही आवाज आला नाही की त्याला शांत झोप लागली आहे अशा समाधानाने परत फिरत असे. प्रत्यक्षात तो झोपलेला नव्हता. छताकडे पाहत पडला होता आणि आपण इथे गेलो तरी सकाळपर्यंत कोणाला पत्ता लागणार नाही, असा विचार करत होता.

हे मला कळले ते सात-आठ वर्षांनी, आणि तेही चारचौघांत. कोणाच्या तरी आजारपणाचा विषय निघाला होता. ‘आमच्याकडे आजारी माणसाला कोंडून ठेवतात,’ तो म्हणाला. सगळे हसले. मीही हसले, पण त्या थट्टेत एक जुनी कळ होती हे माझ्या लक्षात आले आणि माणसे निघून गेल्यावर मी त्याला छेडले. तेव्हा कुठे ते दोन दिवस त्याच्या बाजूने कसे गेले होते, ते बाहेर पडले. मला आधी राग आला, कारण इतकी वर्षे मी ती शुश्रूषा माझ्या जमेच्या बाजूला धरून चालले होते. मग आठवले की मी आजारी असताना तो काय करतो. तो पलंगाच्या कडेवर बसून राहतो. पाव-पाव तासाने कपाळावर हात ठेवतो, पांघरूण सारखे करतो, काही हवे का म्हणून विचारतो. त्याने उठून जावे म्हणून मी डोळे मिटून झोपेचे सोंग घेत असे, आणि आपण जवळ बसलो म्हणूनच हिला झोप लागली असे वाटून तो आणखी तासभर बसून राहत असे.

हा विनोदी प्रकार आम्ही दोघांनी वर्षानुवर्षे मनापासून केला. दोघांपैकी कोणीही हात राखून वागत नव्हते. उलट, आपल्याजवळचे सर्वांत चांगले होते तेच आम्ही एकमेकांना देत होतो, आणि घोटाळा नेमका तिथेच होता. ‘आपल्याशी लोकांनी जसे वागावे असे वाटते, तसे आपण इतरांशी वागावे’ हा उपदेश आपण लहानपणापासून ऐकतो आणि परक्यांच्या बाबतीत तो बहुतेक वेळा बरोबर ठरतो. जवळच्या माणसांच्या बाबतीत मात्र तो फसवा आहे, असे माझे मत झाले आहे. कारण तो पाळताना मी समोरच्या माणसाकडे पाहतच नाही. मी स्वतःलाच त्याच्या जागी निजवते आणि स्वतःचीच शुश्रूषा करते.

आपल्याला काय हवे असते हेही कुठून तरी आलेले असते. मी माणसांनी भरलेल्या घरात वाढले. त्या घरात सगळे मिळत होते. फक्त एकांत मिळत नव्हता. आजारी पडले की आई सगळ्यांना बाहेर काढून दार लावून घेत असे आणि तो लावलेल्या दाराचा आवाज माझ्या लेखी लाडाचा आवाज होता. नवऱ्याचे बालपण याच्या उलट गेले. त्याचे आईवडील दिवसभर कामावर असत. घरात कोणी नसणे ही त्याची रोजची गोष्ट होती आणि आजारपण हा एकच प्रसंग असा होता की त्या दिवशी कोणीतरी रजा घेऊन त्याच्या उशाशी बसत असे. मला दार लावणारे माणूस आपले वाटत होते, त्याला दार उघडून आत येणारे. माणूस देताना बहुधा आपल्या भरलेल्या कोठारातून देत नाही. एके काळी जे कमी पडले होते, तेच तो पुढे आपल्या माणसाच्या ओंजळीत टाकतो. म्हणून ते परत आले किंवा कोणी त्याची दखल घेतली नाही की लागते फार.

माया देण्या-घेण्याच्या या निरनिराळ्या तऱ्हांना ‘भाषा’ म्हणण्याची पद्धत आता सगळीकडे रुळली आहे. तिचे श्रेय गॅरी चॅपमन या अमेरिकी धर्मोपदेशकाच्या १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाला जाते. विवाहसंबंधांत समुपदेशन करताना आलेल्या अनुभवावरून त्यांनी पाच भाषा सांगितल्या : कौतुकाचे शब्द, एकमेकांसाठी राखलेला वेळ, भेटवस्तू, दुसऱ्यासाठी केलेली कामे आणि स्पर्श. प्रत्येकाची यांपैकी एक मुख्य भाषा असते आणि जोडीदाराने ती ओळखून बोलावी, असे त्यांचे म्हणणे. नवऱ्याच्या त्या थट्टेनंतर मला ही कल्पना फार पटली होती. मी आमच्या दोघांच्या भाषा ठरवूनही टाकल्या. आम्ही वर्षभर त्या हिशेबाने वागलो आणि मग ते सगळे विस्कटले. माझा एकदा कामाच्या ठिकाणी चारजणांसमोर पाणउतारा झाला आणि मी घरी येऊन खोलीत बसले. नवऱ्याने शिकवल्याप्रमाणे दिवा मालवला, दार ओढून घेतले आणि तो बाहेर चवड्यांवर चालू लागला. त्या संध्याकाळी मात्र कोणीतरी शेजारी येऊन बसावे म्हणून माझा जीव तळमळत होता.

पुढे २०२४ साली एमिली इम्पेट आणि त्यांचे दोन सहकारी या कॅनडातील मानसशास्त्रज्ञांनी तोवर झालेले संशोधन तपासून एक लेख लिहिला. प्रत्येकाची एकच मुख्य भाषा असते, भाषा पाचच असतात आणि जोडीदारांच्या भाषा जुळल्या की संबंध अधिक सुखाचे होतात, या तिन्ही गृहीतकांना भक्कम आधार सापडत नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. माणसांना प्रत्येक गोष्टीबद्दल वेगळे विचारले तर पाचही गोष्टी हव्याच असतात, म्हणून भाषेऐवजी समतोल आहाराची उपमा त्यांना जास्त योग्य वाटते. त्या संध्याकाळमुळे मला हे वाचून आश्चर्य वाटले नाही. माणसाला एकदा चिठ्ठी चिकटवली की त्याच्याकडे पुन्हा पाहण्याची तसदी घ्यावी लागत नाही, ही चिठ्ठीची खरी सोय आणि खरी खोट. शिवाय ‘बोलून दाखवणे ही माझी भाषाच नाही’ असे म्हणून आयुष्यभर हात झटकायलाही ती उपयोगी पडते. मी तापाने पडले असताना आणि माझा अपमान झालेला असताना मी एकच बाई नसते. शिकायचे असते ते वेळ ओळखायला, आणि ती वेळ दर वेळी नव्याने ओळखावी लागते; घोकून ठेवता येत नाही.

हे झाले नवरा-बायकोचे. तिथे निदान थट्टेच्या निमित्ताने का होईना, पण बोलता येते. आईवडिलांच्या बाबतीत तेही अवघड.

मराठीत ‘काळजी’ हा शब्द दोन कामांना जुंपलेला आहे. काळजी करायची असते आणि काळजी घ्यायचीही असते. करण्यात जीव टांगणीला लागतो, घेण्यात हात कामाला लागतात. माझे बाबा आयुष्यभर काळजी करत आले. दुसऱ्या शहरात मला पहिली नोकरी लागली, तेव्हा ती बातमी सांगण्यासाठी मी त्यांना फोन केला. ‘राहणार कुठे?’ त्यांनी विचारले. ‘तिथं ओळखीचं कोण आहे? परतायला किती वाजतील?’ मी म्हटले, ‘बाबा, अहो, मला नोकरी लागलीय.’ ‘हो, ते कळलं. पण परतायला किती वाजतील?’ ते ‘पण’ मला कित्येक वर्षे टोचत राहिले. शेली गेबल या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ आणि २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात आनंदाच्या बातमीला आपले माणूस कसा प्रतिसाद देते हे तपासले होते. दुःखात मिळालेल्या धीरापेक्षाही आनंदात मिळालेली उत्साहाची साथ जोडप्यांच्या समाधानाशी अधिक निगडित असल्याचे त्यांना आढळले. आनंदाच्या बातमीतले धोके दाखवून देणे हा त्यांच्या वर्गवारीतला एक स्वतंत्र प्रकारच आहे, आणि तो नात्याला मानवत नाही. बाबांना त्या वर्गात बसवून मी मोकळी झाले असते. परंतु दोन महिन्यांनी ते मला भेटायला आले, तेव्हा मी त्यांना स्थानकावर घ्यायला गेले आणि परतताना रस्ता चुकले. चुकलेल्या वळणावर बाबांनी मला थांबवले. ‘इथून डावीकडे. पुढं पाण्याची टाकी लागेल, तिच्या मागे तुझी गल्ली.’ त्यांनी ते शहर त्यापूर्वी कधी पाहिलेले नव्हते. नकाशा समोर ठेवून दोन महिने ते रोज संध्याकाळी माझ्या कामाच्या ठिकाणाहून माझ्या घरापर्यंत चालत होते. मी फोनवर सांगत असे त्या वेळेला निघत आणि मला पोहोचवून मगच जेवायला बसत, असे आईने नंतर सांगितले.

आईची तऱ्हा निराळी होती. ती आम्हा भावंडांचे कपडे घरी शिवत असे आणि शिवताना आतल्या बाजूला दोन बोटे कापड जास्तीचे राखून ठेवत असे. शिवणकामात या राखलेल्या कापडाला ‘माया’ म्हणतात. हा शब्द तिथे कोणी नेऊन ठेवला असेल कोण जाणे, पण त्याला माझा नमस्कार. मला लहानपणी त्या मायेचा त्रासच होई. काखेत ती जाड शिवण घासत असे आणि मैत्रिणींच्या तयार कपड्यांना आतून असले काही नसते म्हणून मी कुरकुर करत असे. वर्षभराने झगा अंगाला दाटू लागला की आई शिवण उसवून माया सोडत असे. मग दोन्ही कुशींना एकेक उभी पट्टी गडद दिसायची. बाहेरचे कापड धुऊन-धुऊन विटलेले असायचे आणि आत राहिलेल्या कापडाचा मूळ रंग तसाच असायचा. त्या पट्ट्या झाकण्यासाठी मी शाळेत दोन्ही हात अंगालगत धरून चालत असे. ही मुलगी वाढणार आहे हे आईने वर्षभर आधीच धरून ठेवले होते, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आले नाही.

आत राहिलेले कोणी मोजत नाही, हा अशा मायेचा तोटा. मायकल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३७ जोडप्यांना घरातल्या निरनिराळ्या कामांत आपला वाटा किती, हे दोघांना स्वतंत्रपणे विचारले. बहुतेक कामांत नवऱ्याने सांगितलेला आणि बायकोने सांगितलेला वाटा एकत्र केला की बेरीज पूर्णाच्या वर जात होती. यात लबाडी असतेच असे नाही. मी केलेल्या प्रत्येक कामाच्या वेळी मी हजर असते. दुसऱ्याने केलेल्या बऱ्याच कामांच्या वेळी मी झोपलेली, बाहेर गेलेली किंवा आपल्याच नादात असते. स्वतःचे चटकन आठवते, दुसऱ्याचे आठवावे लागते. (हा प्रयोग आम्ही घरी करून पाहिलेला नाही. संसार बरा चालला आहे.)

आणि तरीही, नजरेला न येणारे देणे काही वेळा घेणाऱ्याला जास्त मानवते. नायल बोल्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कमध्ये वकिलीच्या परीक्षेला बसणारे विद्यार्थी आणि त्यांचे जोडीदार यांनी परीक्षेआधीच्या काळात रोज वेगवेगळी नोंदवही भरायची होती : आज मी आधार दिला का, आज मला आधार मिळाला का. जोडीदाराने दिल्याची नोंद केली, पण परीक्षार्थीने मिळाल्याची नोंद केलीच नाही, असे दिवस परीक्षार्थींना सर्वांत हलके गेले. आधार मिळाल्याचे स्वतःला जाणवले, त्या दिवसांत मन उलट थोडे खालीच गेले. कारण आधार मिळाला हे कळताना आपल्याला आधाराची गरज पडली हेही कळते. मराठीत याला मिंधेपणा असा नेमका शब्द आहे, आणि तो जवळच्या माणसांतही असतो; आपण तो तिथे उच्चारत नाही इतकेच.

बाबांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली, तेव्हा मला या अभ्यासाची रोज आठवण येऊ लागली. जन्मभर दुसऱ्यांची काळजी केलेल्या त्या माणसाला स्वतःची काळजी घेऊ देणे जमत नव्हते. ‘राहू दे, मी करतो,’ हे त्यांचे पालुपद होऊन बसले. सदऱ्याची पाच बटणे डाव्या हाताने लावायला त्यांना पंचवीस मिनिटे लागत आणि कोणी पुढे झाले की ते पाठ फिरवून उभे राहत. मग मी चोरून मदत करायला शिकले. इस्त्री केल्यावर खालची तीन बटणे आधीच लावून सदरा खुंटीला टांगू लागले, म्हणजे तो डोक्यावरून घालून वरची दोनच लावायची राहत. पाण्याचा पेला अर्धाच भरू लागले. दाराची कडी सैल करून ठेवली. त्यांच्या लक्षात येत होते की नाही, मला माहीत नाही. आले असेल तर त्यांनी ते मला कळू दिले नाही, आणि तीही त्यांची एक तऱ्हाच असणार.

नखांचे मात्र काही चोरून करता येईना. धड राहिलेल्या डाव्या हाताने ते लुळ्या उजव्या हाताची नखे कशीबशी कापत. पण डाव्या हाताची कापायला दुसरा हात नव्हता. एकदा दुपारी मी पाहिले, ते खिडकीच्या दगडी कडेवर बोटे घासत होते. एक-एक बोट, सावकाश, इकडेतिकडे बघत. कडेवर बारीक पांढरी भुकटी पडली होती. मी आल्या पावली मागे फिरले.

त्या संध्याकाळी मी एका वाडग्यात कोमट पाणी, पंचा आणि नेलकटर घेऊन त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. ‘राहू दे,’ ते म्हणाले. मी काही बोलले नाही, उठलेही नाही. आई आतून एकदा डोकावून गेली. पाणी निवत चालले होते. किती वेळ गेला असेल सांगता येत नाही, पण मग त्यांनी तो हात, सायकल शिकताना माझ्या मागून धावताना ज्या हाताने सीट धरून ठेवली होती तोच हात, उचलून माझ्या तळव्यावर ठेवला. मला वाटले होते त्यापेक्षा तो बराच जड होता.

स्पर्शाबद्दल जेम्स कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००६ चा एक प्रयोग आहे. १६ विवाहित स्त्रियांना मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात निजवून विजेचा हलका धक्का बसण्याची धास्ती दाखवली. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतल्या धोक्याला प्रतिसाद देणाऱ्या भागांची धावपळ कमी झाली. अनोळखी माणसाच्या हाताने तितकी झाली नाही. त्यात पाहिले गेले ते हात धरल्यावर धास्तावलेल्या माणसाच्या आत काय होते ते. हात धरणाऱ्याच्या आत काय होते, हे त्या संध्याकाळी मी माझ्यापुरते पाहिले.

बाबांची नखे जाड आणि पिवळट झाली होती, कडा घासून-घासून वेड्यावाकड्या. पाण्यात भिजवूनही कटरचा टक् असा मोठा आवाज होत होता आणि दर आवाजाला आम्ही दोघेही किंचित दचकत होतो. मधल्या बोटाला मी जरा जास्तच आत गेले. कातडीला लागले, रक्ताचा ठिपका आला. त्यांनी हात मागे घेतला नाही. मी पंच्याचे टोक दाबून धरले आणि ते खिडकीबाहेर पाहत राहिले. सगळे आटोपल्यावर त्यांनी हात डोळ्यांजवळ नेऊन तपासला. ‘अंगठ्याचा कोपरा राहिला,’ ते म्हणाले. मी तो कापला. आम्ही दुसरे काही बोललो नाही.

चौथ्या दिवशी मी वाचत बसले होते. भिंतीला धरत-धरत ते खोलीत आले, समोरच्या खुर्चीत बसले, सदऱ्याच्या खिशातून नेलकटर काढून त्यांनी माझ्या पुस्तकावर ठेवले आणि हात पुढे केला.

‘नखं वाढलीत बघ.’

मी ती बोटे उजेडाकडे धरून पाहिली. नखे वाढलेली नव्हती. मधल्या बोटावरची खपलीसुद्धा अजून पडली नव्हती.

‘हो, वाढलीत,’ मी म्हटले आणि कोमट पाणी आणायला उठले.